पहिला फटका कुणी मारायचा

आबा, तुमची पणती रविवारी मॅच हरली. तुम्हाला कळवायचं तसं काही कारण नव्हतं. तुम्ही गेलात तेव्हा तिचा बापच रडत शाळेत जात होता, ती कुठली तुमच्या ओळखीची. पण ती ज्या कारणानं हरली त्याची सुरुवात नारायणगुड्यातल्या तुमच्या हॉलमधे झालेली आहे, आणि ते कळणारं दुसरं कुणी आता उरलं नाही, म्हणून तुम्हालाच लिहिते. चौथीपर्यंतचं अक्षर आहे, तसंच वाचून घ्या. पुढं शिकले असते तर जरा बरं आलं असतं. का नाही शिकले ते तुम्हाला ठाऊक आहे.

तुमच्या हॉलच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे. भावानं तुम्ही गेल्यावर वर्ष पुरं व्हायच्या आत टेबलं विकली, तीन मोठी बिलियर्डची आणि कोपऱ्यातलं ते एक लहान, पूलचं. ते लहान तुम्ही सिकंदराबादच्या एका क्लबानं मोडीत काढलं तेव्हा हातगाडीवर घालून आणलं होतं आणि आई म्हणाली होती, आणखी एक तोंड आणलंत घरी. मोठ्या टेबलांवर वकील आणि पेठेतले शेठ खेळायचे. लहान टेबल रिकामं राहायचं. दुपारी आई माझ्या हाती डबा द्यायची, ज्वारीची भाकरी आणि आंबाडीची भाजी, आणि सांगायची, आबांचं जेवण होईस्तोवर थांब, डबा घेऊनच ये. तुम्ही शटर अर्धं खाली ओढून बाकावर जेवायला बसायचात. मी ब्रशनं टेबलं झाडायचे. झाडता झाडता एक दिवस खेळायची काठी उचलली. तुम्ही बघितलंत, घास चावत राहिलात. मला वाटलं आता ओरडतील. ओरडला नाहीत, त्याचंच मला पुढं कितीतरी वर्षं कौतुक वाटत होतं. आता वाटत नाही.

एक चिरलेली काठी तुम्ही माझ्या उंचीला कापलीत आणि काचेच्या तुकड्यानं तासून तिची मूठ गुळगुळीत केलीत. मला तुम्ही दिलेली तेवढी एकच वस्तू. लग्नातलं धरत नाही, ते सासरच्यांना दिलेलं होतं. त्या काठीनं मी शिकले. कुठला बॉल आधी, तो घालवल्यावर ज्यानं मारायचं तो पांढरा बॉल कुठं येऊन थांबायला पाहिजे, पुढच्याची वाट उघडी राहते का बंद होते, हे मला कुणी न सांगता दिसायचं. तुम्ही बाकावरून म्हणायचात, हिला टेबल दिसतं. भावाला दिसत नव्हतं. भावाला फक्त बॉल दिसायचे.

पण डावाच्या सुरुवातीला मांडलेले बॉल फोडायचे म्हटलं की तुम्ही उठायचात. अर्धी भाकरी तशीच ठेवून, हात धोतराला पुसून यायचात, माझ्या हातातली काठी बाजूला सारायचात, तुमची घ्यायचात, वाकून धाडकन पहिला फटका मारायचात आणि परत जेवायला बसायचात. मी एकदा विचारलं, मी का नको? तुम्ही म्हणालात, फोडायला अंग झोकून द्यावं लागतं, ते काम पोरीचं नाही. फुटलेलं तुझं, खेळ पाहिजे तेवढं. मला तेव्हा ते बरोबरच वाटलं. रोज भाकरी टाकून माझ्यासाठी उठताहेत, आणखी काय पाहिजे, असं वाटलं. एका दुपारी तुम्ही उठायला उशीर केलात आणि मी मारला. पांढरा टेबलावरून उडाला, जाऊन शटरवर आपटला, आणि बाहेरच्या पानवाल्यानं खाली वाकून आत बघितलं. तुम्ही मला मारलं नाहीत. आवाजही चढवला नाहीत. "हात बांधून ठेवीन," एवढंच म्हणालात, "उद्यापासून भाऊ फोडेल. तू मांडायचं."

तुमच्या हॉलचा कायदा सगळ्या नारायणगुड्याला पाठ होता. जिंकेल तो फोडेल, हरेल तो मांडेल. शेठ असो की वकील, हरला की मुकाट बॉल मांडायचा लाकडी त्रिकोण हातात घ्यायचा. माझ्यापुरता कायदा तेवढा वेगळा. मी जिंकले तरी मांडायचं, भाऊ हरला तरी फोडायचं. आणि मी भावाला रोज हरवत होते, आबा. हे तुम्ही बाकावरून बघत होतात, तोंडात घास होता म्हणून बोलला नसाल.

मांडून मांडून माझा हात असा बसला की माझ्यासारखं घट्ट कुणी मांडेना. त्रिकोणात बॉल ओढून घ्यायचे, मागून बोटं दाबायची, पुढचा बॉल कापडाच्या झिजलेल्या खळगीत बसवायचा, आणि त्रिकोण उचलताना एकही हलता कामा नये. म्हणून त्या दिवशीही मलाच बोलावलंत, सुलतान बाजारातल्या हॉलवाल्यांशी ईर्ष्येनं खेळ लावला होता तेव्हा. भाऊ आपल्या बाजूनं. हॉल माणसांनी भरलेला, आणि त्यात मी एकटी परकरातली. शेवटचा डाव राहिला. मी मांडला. भाऊ सरळ चालत आला, छाती फुगवून उभा राहिला, आणि होता नव्हता तेवढा जोर लावून मारला. पांढरा फिरला आणि कोपऱ्यातल्या पॉकेटात जाऊन पडला. तो फाऊल, म्हणून त्यांच्या माणसानं पांढरा हातात घेऊन पाहिजे तिथं ठेवला आणि टेबल साफ करून टाकलं.

मग तुम्ही बोललात. घरात मराठी, माझ्याशी मराठी, पण ते वाक्य तुम्ही सगळ्यांना कळावं म्हणून त्यांच्या बोलीत म्हणालात. "लडकी ने ढीला लगाया." मागून कुणीतरी म्हणालं, "छोकरी से लगवाए तो यहीच होता, मियाँ." लोक हसले. तुम्हीही थोडं हसलात. भाऊ माझ्याकडं बघतसुद्धा नव्हता. दुसऱ्या दिवसापासून डबा तो नेऊ लागला, आणि पुढच्या उन्हाळ्यात मी अंबरपेठेत सासरी होते. काठी तिकडंच राहिली.

मी ढिलं मांडलं नव्हतं. मला हे माहीत होतं, पण त्याचा उपयोग नव्हता. परवा-परवा तुमच्या पणतीला ही गोष्ट सांगितली तर ती जेवता जेवता म्हणाली, "पण आजी, मांडलेला रॅक ढिला असला तर बॉल नीट पसरत नाहीत. पांढरा पॉकेटात गेला म्हणजे मारणाऱ्यानं मधोमध मारला नाही. आणि जो फोडणार त्यानं आधी रॅक बघून घ्यायचा असतो, रूलच आहे. मामाआजोबांनी बघितला नाही का?" नाही बघितला. कशाला बघेल, मांडणारी होती ना. आता तर बॉलखाली एक पातळ प्लॅस्टिकचा कागद ठेवतात, त्याला खाचा असतात, बॉल आपोआप एकमेकांना चिकटून बसतात. दोष द्यायला मांडणारं कुणी उरलं नाही. बरं झालं.

ही पोरगी या खेळात आली ती माझ्यामुळं. पोरगा आणि सून दोघं सकाळी ऑफिसला जायचे, सुट्टीत पोर माझ्या गळ्यात. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक पूल पार्लर निघालं होतं, काळी काच, आत निळे दिवे. दूध आणायला निघालं की ही त्या काचेला नाक लावून उभी. एक दिवस म्हटलं, चल, आत जाऊन बघू. गल्ल्यावरचा माणूस कानात वायर घालून बसला होता. म्हणाला, "दादी, ये जवान लोगों का गेम है." मी म्हटलं, "हौ, दिख रा मेरे को. तू फोड के दे, बाकी का मैं देख लेती." त्यानं गंमत म्हणून फोडून दिलं. लग्न झाल्यापासून मी काठीला हात लावला नव्हता. सगळे बॉल काही गेले नाहीत, म्हातारीचा हात, पण गेले तेवढ्यानं त्यानं कानातली वायर काढली. मग आम्ही रोज जायला लागलो. मला जे येत होतं ते मी तिला सगळं दिलं. पांढरा कसा थांबवायचा, कसा मागं ओढायचा, दोन बॉल पुढचं कसं बघायचं. हळू मारायला शिकवलं, हळू मारणं फार थोड्यांना येतं. आणि फोडायची वेळ आली की मी त्या गल्ल्यावरच्याला हाक मारायचे, "आ रे बाबा, फोड के जा." तो यायचा, धाडकन मारायचा, जायचा. मला फोडता येत नव्हतं. मग तिला शिकवणार काय, कपाळ?

पुढं ती मोठी झाली, कोच मिळाला. तो तेलुगू माणूस आहे, कमी बोलतो पण बोलतो ते तोंडावर. मला म्हणाला, "अम्मा, तुम्हारी पोती का हाथ सोना है. ब्रेक कच्चा है. छोटेपन में पकता था, अब कितना पकेगा बोल नहीं सकता." मी विचारलं, ब्रेक म्हणजे हे फोडणं ना, ते एवढं लागतंच का? तो म्हणाला, लहान खेळात नाही लागत, तिथं सगळेच चुकतात, टेबल फिरून आपल्याकडं येतंच. वर जाल तसं लागतो. वरच्या पोरी चुकत नाहीत. त्यांच्या हातात टेबल एकदा गेलं की तुम्ही खुर्चीत.

पोराशी, म्हणजे तिच्या बापाशी, तिचं ठरलं होतं. कॉलेज संपल्यावर एक वर्ष खेळ. तो म्हणाला होता, राज्याच्या टीममधे आलीस तर पुढं बघू, नाही आलीस तर गच्चीबावलीत एका ऑफिसात माझ्या ओळखीनं नोकरीची जागा आहे, तिथं जायचं. निवडीचा शेवटचा सामना रविवारी होता, आणि सोमवारी त्या ऑफिसात हजर व्हायचा कागद येऊन पडला होता. म्हणजे बघा.

मीही गेले होते बघायला. सिकंदराबादची एक मुलगी समोर होती, दणकट, वेणी घट्ट बांधलेली. आधी कुणी फोडायचं हे ठरवतात. दोघींनी एकेक बॉल समोरच्या कडेला मारून परत आणायचा, जिचा जवळच्या कडेशी जास्त लागून थांबेल तिचा पहिला फटका. तुमच्या पणतीचा बॉल असा आला की कडेला नुसता शिवून थांबला. माझं काम होतं ते. तेवढं मी दिलं होतं. आणि मग ती फोडायला वाकली. मला तिच्या खांद्यावरूनच कळलं. मारला, बॉल पसरले, आणि एकसुद्धा पॉकेटात गेला नाही, म्हणजे टेबल समोरचीचं. ती येऊन खुर्चीत बसली, गुडघ्यावर टॉवेल घेऊन. ती दुसरी उठली ती लवकर बसलीच नाही.

तिथंही तुमचाच कायदा होता, जिंकेल ती फोडेल. काही ठिकाणी आळीपाळीनं फोडतात म्हणे, एक डाव तू, एक डाव मी. तिथं नव्हतं. ती सिकंदराबादची जिंकायची, फोडायची, तिचा पांढरा बरोबर टेबलाच्या मधे येऊन गप उभा राहायचा, दोन बॉल पॉकेटात, पुढचा समोर दिसतोय, की पुन्हा साफ. आमची खुर्चीत. मधे ती एकदा चुकली आणि आमची उठली, आणि आबा, काय खेळली. मी शेजारच्या बाईला कोपरानं ढोसलं. डाव घेतला. आता फोडायचं हिनं. फोडलं, कोरडं. टेबल परत तिकडं. असं पुन्हा पुन्हा झालं. दुसऱ्यांसाठी फोडणं म्हणजे टेबल आपल्याकडं ठेवणं. हिच्यासाठी फोडणं म्हणजे कमावलेलं टेबल समोरचीच्या हातात नेऊन देणं. जिंकली की हिचं नुकसान व्हायचं. मी तिथं बसून हे बघत होते आणि मला तुमची पाठ दिसत होती, धोतराला हात पुसत उठताना.

घरी येताना रिक्षात मी म्हटलं, तुला बसवूनच ठेवलं तिनं, खेळू कुठं दिलं. पोरगी म्हणाली, "नाही आजी, तसं म्हणू नको. मला ब्रेक मिळाले होते. लोकांना वाटतं ब्रेक जिंकून देतो. जिंकून नाही देत, पण कच्चा असला तर हरवतो." मग खिडकीतून बाहेर बघत बसली. मला वाटलं होतं रडेल. रडली असती तर सोपं गेलं असतं.

रात्री जेवताना पोरानं विषय काढला. वाईट नाही तो, तुमच्यासारखाच आहे. आवाज चढवत नाही. म्हणाला, "झालं ना आता? ठरलं होतं ते ठरलं."

सून म्हणाली, "तिला जेवू तरी द्या."

"मी कुठं जेवू नको म्हटलं? हात चांगला आहे तिचा, मलाही दिसतं. शनिवार-रविवार खेळू दे की हौस म्हणून. कोण अडवतंय?"

आबा, ते ऐकलं आणि माझा घास तोंडातच राहिला. शटर अर्धं ओढून खेळायला तुम्ही तरी कधी नको म्हणालात?

मी म्हटलं, "उद्या ती जाणार नाही."

"आई, तू यात पडू नको. ती स्वतःच सांगते ब्रेक येत नाही म्हणून. मग आणखी कशाला?"

"येत नाही तर शिकेल. मला येत नव्हतं म्हणून तिला आलं नाही. मला का येत नव्हतं ते तुझ्या आजोबाला विचार."

"आजोबा कुठून आले आता मधे?"

"ते मधेच आहेत. तुला दिसत नाहीत." मी ताट पुढं सरकवलं. "पुढच्या निवडीपर्यंत ती सकाळी कोचकडं जाईल आणि फक्त फोडेल. दुसरं काही खेळणार नाही, नुसतं फोडेल. घर माझं आहे, इथं ती राहील. तुला पटत नसेल तर तू जा ऑफिसात, तू जातोसच."

तो उठून गेला. सुनेनं त्याच्या ताटावर झाकण ठेवलं आणि माझ्या ताटात न विचारता भात वाढला, तिचं मत मला तेवढ्यात कळलं. थोड्या वेळानं तो परत आला आणि गार झालेलं जेवला. सकाळी गॅलरीत उभा राहून त्यानंच फोन करून त्या ऑफिसला नाही कळवलं. माझ्याशी अजून बोलत नाही. बोलेल, जाईल कुठं.

पोरगी काल चहा घेऊन माझ्या खाटेवर येऊन बसली. "आजी," म्हणते, "तुला माझ्यावर एवढा भरवसा आहे?" डोळे भरले होते तिचे. मी म्हटलं, चहा गार होतोय.

काय सांगणार होते तिला? मला भरवसा नाही. कोचलाही नाही. तिच्या वयाच्या पोरी लहानपणापासून फोडताहेत, ही आता सुरू करणार. पुढच्या वेळीही हरेल कदाचित, आणि तोवर ती गच्चीबावलीतली जागा दुसऱ्या कुणाला गेलेली असेल, आणि मग पोरगा माझ्याकडं बघेल आणि त्याचं बरोबर असेल. हे सगळं मला जेवताना दिसत होतं. टेबल मला अजून दिसतं.

हे कागद घरात कुठंही टाकले तरी चालतील, पोराला वेळ नाही आणि पोरगीला मराठी अडखळत वाचता येतं, दुसऱ्या ओळीला कंटाळेल. तुम्हाला पाठवायचे तर कुठं. तेव्हा एवढं लिहून ठेवते आणि थांबते. घरातले समजतात मी नातीच्या बाजूनं बोलले. मी तुमच्याविरुद्ध बोलले, ती मधे होती म्हणून तिचं काम झालं. ती जिंकावी असं मला फार वाटतंय असंही नाही. तिनं अंग झोकून फोडावं आणि तो आवाज तुम्हाला ऐकावा लागावा, एवढंच मला पाहिजे.